नाण्याएवढा सेल

छाया हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसते. कापसाची गाडी आली की तिच्या कॉम्प्युटरवर वजन उमटतं, पावती निघते. कॉम्प्युटर बंद, तर गाड्यांची रांग हायवेपर्यंत.

कॉलेजात आम्ही एका बाकावर होतो. मी मराठी घेतलं, तिने कॉम्प्युटर. गेल्या महिन्यात तिला नागपूरच्या कंपनीचं बोलावणं आलं. सोमवारी हजर व्हायचं. अनुभवाच्या पत्राशिवाय घेणार नव्हते, आणि पत्र जिनिंगचे मालक ओमप्रकाश शेठ देत नव्हते.

"तू गेली तर याले उठवन कोन?" ते कॉम्प्युटरकडे बोट दाखवून म्हणायचे.

वीज गेली की तो कॉम्प्युटर उठत नसे. डिस्कचा सुरुवातीचा भाग खराब झाला होता. विंडोज टाकायला बनवतात तसा एक पेनड्राइव्ह छायाने बनवला होता. मशीन त्यावरून जागं व्हायचं, पुढचं सगळं डिस्कवरून उचलायचं. पण आधी पेनड्राइव्ह बघायचा, हेच ते वीज गेल्यावर विसरायचं. मग छाया यायची. स्क्रीन आपल्याकडे वळवायची, पेनड्राइव्ह लावायची, एक बटन दाबून तो निवडायची. शेठ बाजूला हात जोडून उभे.

शुक्रवारी मी तिच्यासोबत काट्यावर होते. तिने पर्समधून नाण्याएवढा सेल काढला.

"हे काय?"

"याच्यावर त्याची आठवण राह्यते. जुना दोन वर्षांआधीच मेला."

"मग बदलला काऊन नाई?"

ती कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचा स्क्रू फिरवत राहिली. "सीझन संपला का सगळ्याइले घरी बसवतेत. मले नाई बसवलं."

मी मोबाइलचा उजेड आत धरला.

तिने सेल बसवला. पेनड्राइव्ह मागच्या बाजूला कायमचा लावला, सेटिंगमध्ये त्याचं नाव सगळ्यात वर ठेवलं. मग मेन स्विच बंद करून चालू केला. मशीन आपोआप उठलं.

"शेठजी, आता कोनाचीच गरज नाई. पत्र द्या."

शेठनी स्वतः स्विच खाली-वर करून पाहिला. तीनदा. तिन्ही वेळा मशीन उठलं. ते खूश झाले.

"कमाल केली बेटा! आता गोदामातले दोन पन असेच करून टाक. इतकी हुशार पोरगी आमी सोडू काय?"

त्यांनी आम्हाला चहा मागवला. छायाने तो प्यायला नाही.

सोमवारी मी फोन केला. मागे ट्रॅक्टरचे हॉर्न वाजत होते.

"थांब," ती म्हणाली. "गाडीचा नंबर घेऊ दे."