मामाचं फंक्शन

हसा, पण चहा सांडू नका. गाढवपणा सगळा माझा आहे.

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. पुण्याहून एमएस्सी करून मी राज्याच्या पार पूर्व टोकाला, बिरसीजवळच्या एका ज्युनियर कॉलेजात गणिताच्या नोकरीसाठी गेलो. अट एकच, अकरावीला एक तास शिकवून दाखवायचा. प्राचार्य मागच्या बाकावर. विषय, रिलेशन आणि फंक्शन. मनात म्हटलं, या धानाच्या बांधावरच्या पोरांना काय डोंबल कळणार?

"सोपं सांगतो. डावीकडच्या प्रत्येकाकडून उजवीकडे एकच बाण गेला, तर फंक्शन. मग बाण उलटे फिरवा आणि तोच नियम लावा. द्या गावाकडचं उदाहरण."

पहिल्या बाकावरची वैशाली उठली. "गाव आन् त्याले पाणी देणारा मामा तलाव, सर."

"मामाचं नाव काय?"

"मामाले नाव नसते जी."

पोरं खिदळली. मला वाटलं, तिलाच हसतायत. कीव आली हो मला तिची.

"बाकीच्यांकडे कोणाचा तलाव?"

"आमच्याकडेबी मामा तलावच हाये," चौघं म्हणाले.

मग काय! फळ्यावर डावीकडे पाच गावं, उजवीकडे एक मामा. "प्रत्येक गावाला मामा एकच, म्हणून फंक्शन. उलटं केलं तर एका मामातून पाच बाण, म्हणून इन्व्हर्स फंक्शन नाही."

इथे थांबलो असतो तर निभावलं असतं. पण जीभ वळवळली. "आणि पाच गावांचं पाणी दाबून बसलेला हा लुच्चा मामा कोण, तेही शोधा."

प्राचार्य उठले. "त्यातला एक तलाव माझ्या पणज्यानं बांधला. मालगुजार होता तो, सारा वसूल करणारा जमीनदार. माजी मालगुजारी तलाव, म्हणून मा-मा; इकडे गावोगावी वेगळा असतो. तुम्ही कोणाचा मामा शोधून राहिले?"

मी फळा पुसायला वळलो, तर वैशाली अजून उभीच.

"सर, आमच्या गावाले दोन मामा तलाव पाणी देतात. गावातून दोन बाण, म्हणून फंक्शन नाही. थोरल्या तलावाचं पाणी शेजारच्या गावालेबी जाते, म्हणून उलटंबी नाही. तेच सांगून राहिली होती मी."

शंभर नंबरी बरोबर. बांधावरचं कोण होतं, ते कळलं मला.

नोकरी मिळाली, कारण दुसरा उमेदवार इतक्या लांब आलाच नाही. रुजू झालो त्या दिवशी वर्गानं एका सुरात "या मामा" म्हटलं. तेव्हापासून त्या कॉलेजात प्रत्येक पोराला मामा एकच. हे फंक्शन मात्र मी अजून एकदाही फळ्यावर काढलेलं नाही.