हॉस्टेलमधली जप्त कादंबरी

लातूरला नीटच्या तयारीला आलेल्या साठ मुलींच्या हॉस्टेलवर रेक्टर असलं, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते दार वाजवून आत येतात! त्यातले निम्मे तर एका कादंबरीनंच दिले.

वैष्णवी ती फिजिक्सच्या पुस्तकात लपवून वाचत होती. अकरावीतली एक मुलगी जीव देते, तिची मैत्रीण मागं राहते, त्याची गोष्ट. मी घाबरले. ह्या वयात असलं वाचन? जप्त!

वैष्णवी शांतपणे म्हणाली, “मॅडम, मी एकशेदहाव्या पानावर हाय. पुढं काय झालं तेवढं सांगा.”

सांगायचं तर वाचणं आलं. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला माझे डोळे सुजलेले. पोहे घेता घेता तिनं हळूच विचारलं, “मॅडम, कितवं पान?”

*

मुलींनी ती गोष्ट वॉचमन रशीदचाचांना सांगितली. त्यातली मुलगी सगळ्यांना नुसतं ‘ठीक आहे’ म्हणायची. झालं! गेटवर चौकशी सुरू.

“बेटा, कैसी है?”

“ठीक.”

“ठीक नक्को बोल! वो किताबवाली छोरी बी ठीकच बोलती थी.”

मागं वीस मुलींची रांग. शेवटी एक जण ओरडली, “चाचा, लई वाईट चाललंय! तुमच्यामुळं क्लासला उशीर होऊन राहिला!”

चाचा खूश. “हां, ये सच्ची बात! जा.”

*

मेसच्या सुशीलाकाकूंनी ऐकलं, की पुस्तकातली मुलगी ताटात अन्न टाकायची. मग कुणाची अर्धी पोळी उरली, की काकू शेजारी बसायच्या.

“काय झालं गं? मोकळं बोल.”

“काकू, भाजीत मीठ लई हाय.”

“मनातलं सांग म्हणलं, भाजीतलं न्हाई!”

*

एका रविवारी वैष्णवीचे वडील शिरूर अनंतपाळहून तणतणतच आले. तिचे मार्क लागोपाठ दोनदा घसरले होते. आठवडाभर ती कुणाशी धड बोललीही नव्हती, म्हणून मी त्यांना गेटवरच गाठलं.

“कुठं हाय ती?”

“टेस्टला गेलीय. बसा. तोवर ही कादंबरी वाचा, तुमची पोरगी वाचत होती ती.”

ते लिंबाखाली बसले. ओळीवर बोट ठेवून वाचत राहिले. चहा गार झाला. दुपारी वैष्णवी गेटमधून आली आणि त्यांना बघून जागीच थांबली.

“पप्पा… आजचा पेपरपण…”

“पेपराचं मरू दे!” ते बोलून गेले, आणि एकदम जीभ चावली. “न्हाई, न्हाई. मरू नको दे. राहू दे. पेपराचं राहू दे, वैष्णवे.”