शर्टाला येणारा डिझेलचा वास

रेल्वेच्या क्वार्टरमध्ये किस्से साठतात ते दोरीवरच्या कपड्यांवर काजळी साठते तसे. कितीही झटका, संपत नाहीत!

लग्न होऊन राहू गावाहून दौंडला आले. आमचे हे डिझेल शेडमध्ये फिटर. पहिल्याच आठवड्यात मला मालगाडीचं इंजिन दाखवायला नेलं. केबिन एकच, एका टोकाला, अन् बाकी सगळं लांबलचक नाक. मी विचारलं, "ह्याचं तोंड कुठल्या बाजूला?"

"दोन्हीकडं पळतंय की."

तेव्हाच ठरवलं, असल्या इंजिनापाशी राबणाऱ्या माणसावर जरा लक्ष ठेवलेलं बरं.

*

शेजारचे आप्पा रिटायर ड्रायव्हर. मूळचे शिरूरचे, जिथं रूळच नाहीत. ते सांगतात, नव्या इंजिनांना दोन्ही टोकांना केबिन असते, पण त्यांच्या वेळी लांब नाक पुढं असलं की पलीकडचा सिग्नल दिसायचा नाही. असिस्टंट ओरडून सांगायचा.

त्यांच्या बायकोनं, शकूमावशीनं, आतून आवाज दिला, "आता मी सांगते. भाजीत मीठ हाय का, ते बी!"

*

एकदा आप्पा म्हणाले, शेडमधल्या एका म्हाताऱ्या इंजिनाची चाकं बदलली, मोटरी बदलल्या, वायरिंगही नवं घातलं.

"मग म्हातारं काय राहिलं?" मी विचारलं.

"नंबर."

मला हसू आलं, तोवर आप्पांनी पुढचं सांगितलं. सगळ्या रुळांवर विजेची इंजिनं आली, आता वय शिल्लक असलेली डिझेल इंजिनंही भंगारात निघालीत.

"आन् शेडमधली माणसं?"

आप्पांनी चहा बशीत ओतला. "बदली करून टाकतील कुठंबी."

माझी पिऊ दोन वर्षांची. परक्या गावात तिला घेऊन कुठं जायचं, कुणाच्या भरवशावर? ह्यांना विचारलं तर म्हणाले, "आप्पांचं काय ऐकती. शेड जोरात हाय."

*

पिऊ दुपारी झोपते ती शेडमधल्या उभ्या इंजिनांच्या धडधडीवर. एका दुपारी धडधड नाही, पिऊ टक्क जागी. दुसऱ्या दिवशीही तेच.

ह्यांना विचारलं. म्हणाले, "मोठे साहेब आलेत. आवाज नको म्हणाले."

साहेबासाठी इंजिन गप्प बसतं, हे मला पटेना. मी सातवीपर्यंतच शिकले, पण एवढं कळतं.

*

मग मी ह्यांचे शर्ट हुंगायला लागले. भिजवायच्या आधी, रोज. डिझेलचा वासच नाही! शेवटी विचारलं, "कामाला नेमकं जाता कुठं?" हे डबा उचलून निघाले.

दोन दिवसांनी शर्टाला असा भपकारा, की बादलीपाशी उभं राहवेना. पण बाहीला काजळी नाही, ग्रीसचा डाग नाही. वास तेवढा, तोही कॉलरला जास्त.

आदल्या दिवशी माझा भाऊ राहूहून ट्रॅक्टर घेऊन आला होता. त्याला फोन लावला. "दादा, ट्रॅक्टरमधलं डिझेल कुणी काढलं का रे?"

"दाजींनी नेलं की बाटलीभर. म्हणले, तुझ्या बहिणीला झोप लागंना, तिच्यासाठी पायजे."

मी हातातला शर्ट बादलीत टाकला.

"तायडे," दादा म्हणाला, "डिझेलनं झोप लागती व्हय गं?"