तोंड झाकलेला देवदूत

“अगं बाई, मेलेलं लेकरू देवदूत होत नसतं! देवदूत वेगळे, माणसं वेगळी. बायबलात कुठं लिहिलंय दाखव, आत्ता छिन्नी खाली ठेवतो.”

“मला कुठं वाचता येतं, काका?” धोबीण म्हणाली. “तुम्ही नुसता तिचा चेहरा कोरा. पंख लावा नाहीतर नका लावू.”

थडग्यांचे दगड घडवणाऱ्या या म्हाताऱ्याला अख्खी गल्ली ‘सहापंखी’ म्हणायची. गिऱ्हाइकानं गालाला खळी पडलेलं गुबगुबीत बाळ मागितलं की हा पिसाळायचा. “देवदूत आला की आधी ‘भिऊ नका’ का म्हणतो? बघणाऱ्याची गाळण उडते म्हणून! या गोळ्याला कोण भिणार?” बायबलातले देवदूत, चार तोंडांचे करूबीम, सहा पंखांचे सराफीम, डोळ्यांनी भरलेली चाकं, सगळं तोंडपाठ. गिऱ्हाईक हात जोडून पुढच्या दुकानात.

धोबीण मात्र हलली नाही. सहा वर्षांची पोर सहा महिन्यांपूर्वी तापात गेलेली, फोटो एकही नाही. तीन दुपारी ती पालथ्या डब्यावर बसून सांगत राहिली आणि तो चेहरा मातीत उठवत राहिला. “नाक जरा बसकं. डावी भुवई वर. अहो, इतकी नाही!” तिसऱ्या दिवशी तिनं तोंडावर ओंजळ दाबली. “हीच,” म्हणाली.

ती गेली आणि याचं डोकं फिरलं. देवदूताच्या धडावर माणसाचं तोंड? देवापुढं दगडात खोटं बोलायचं? त्यानं तो चेहरा दोन्ही हातांनी मळला आणि बादलीत फेकला.

“मेल्या, आत काळीज आहे का खडी?” बायको ओरडली.

“शास्त्र आहे,” तो म्हणाला.

मग त्यानं शास्त्राबरहुकूम सराफीम कोरला. दोन पंख उडायला, दोहोंनी पाय झाकलेले, दोहोंनी तोंड. असं काम त्यानं जन्मात केलं नव्हतं. पीस न् पीस सुटं.

आठवड्यानं धोबीण आली, दगडाभोवती फिरली.

“चेहरा कुठाय?”

“पंखाखाली. देवासमोर देवदूतही तोंड झाकतात.”

“आत कोरलाय ना पण?”

“आत दगड आहे.”

तिनं पिसांच्या फटीत नख घालून पाहिलं. “मातीचा दाखवा मग.”

“मोडला.” तिच्याकडं बघून तो पहिल्यांदाच चाचरला. “बस. परत सांग. दुसऱ्या दगडावर करतो.” त्यानं मातीचा गोळा घेतला.

“नाक...” तिनं स्वतःचं नाक चाचपलं. “बसकं होतं. का तुम्ही केलेलं बसकं होतं?” डोळे मिटले, उघडले. “काका, मला तुमची मातीच दिसतेय. आता तीपण फुटकी-तुटकी.”

“उद्या आठवेल.”

“सहा महिने तिचा चेहरा घट्ट धरून ठेवला होता,” ती म्हणाली. “तुम्हाला काढून दिला तो दिलाच.”

ती उठली. भट्टीवर चादरी उकळत होत्या, जायलाच हवं होतं.

हातातली माती कडेनं वाळायला लागली होती. त्यानं ती बादलीत टाकली, नाकाला फडकं बांधलं आणि डाव्या पंखाचं राहिलेलं घासकाम हाती घेतलं.