चुना मारलेल्या दगडांची वाट

नोव्हेंबरमधला शेवटचा रविवार, नव्वदचं दशक सरत आलेलं. हजर: मी, आमचे हे, हिमायतनगरचे वकीलसाहेब, दिलसुखनगरच्या कोचिंग क्लासात गणित शिकवणारे तेलुगू मास्तर आणि संगणक कंपनीत नोकरी लागून पुण्याहून आलेले इंजिनियर. गैरहजर कुणी नाही. सोबत फावडी, घमेली आणि पहार. पहारीला आम्ही हैदराबादी मराठी लोक सब्बल म्हणतो.

जाड टायरच्या, गिअरच्या सायकली तेव्हा नुकत्याच दुकानांत दिसू लागल्या होत्या. आम्ही चाळिशी-पन्नाशीची माणसं त्या घेऊन शहराच्या पश्चिमेच्या खडकाळ टेकडीवर जायचो. माझ्या नणंदेने विचारलं होतं, "वहिनी, एवढे चांगले डांबरी रस्ते झालेत, तुम्हाला दगडातच कशाला मरायचंय?" मी म्हटलं, "डांबरावर गाड्या मारतात. दगडात निदान आपल्या हाताने पडता येतं."

वाट आम्हीच केली. काटेरी झुडपं छाटली, सुटे दगड बाजूला लोटले, पावसाचं पाणी वळवायला चर खणले. मास्तरांना शेजारी शेजारी सायकल चालवत गप्पा मारायला आवडे, म्हणून वाट ऐसपैस ठेवली. शिवाय सव्वीस जानेवारीला कॉलनी सजवतात तसे दोन्ही कडांना दगड लावले आणि त्यांना चुना मारला. अगदी देखणं काम झालं होतं. तेच नडलं.

त्या रविवारी मी सगळ्यांच्या पुढे उतरत होते. खाली तळ्याच्या बांधाजवळ एक पांढरी गाडी उभी. प्लॉट विकणारा एक दलाल एका नवरा-बायकोला आमची वाट दाखवत होता.

"देखो साब, रोड डालेसो है. पत्थरां कू चुना भी मार दिये."

मी ब्रेक दाबला. "भाईसाब, ये पत्थरां हम लगाये."

"हौ अम्मा, बहोत अच्छा करे." तो अगदी मनापासून हसला. "हमारा आधा काम हो गया. पन ये उमर में सायकल कायकू? प्लॉट लेलो, कार का लोन भी दिला देतूं."

नवरा-बायको कौतुकाने आमचे दगड बघत होते. बाईंनी तर एका दगडावर पाय ठेवून घरावर दुपारी सावली येईल का याचा अंदाज घेतला.

बाकीचे येऊन पोचले. वकीलसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि दलालाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "याची हद्द बांधापाशी संपते. वरची सगळी टेकडी सरकारी आहे."

"तो सरकार कू बोलो ना साब," दलाल म्हणाला आणि गिऱ्हाइकांना गाडीत बसवून निघून गेला.

आम्ही बांधावर बसलो. वकीलसाहेब अर्ज करणार होतेच, पण अर्ज हलेपर्यंत घरं उभी राहतील हे त्यांनाही ठाऊक होतं. लोकांना रस्ता दिसला की ते जागा घेतात, आणि रस्ता आम्ही दाखवला होता.

"वाट मोडायची," मी म्हटलं.

"अगं, वर्षभर घाम गाळलाय!" हे म्हणाले.

"म्हणूनच आपण मोडायची. त्याला विकू द्यायची नाही."

इंजिनियर हळूच म्हणाले, "अख्खी नको मोडायला. एकच सायकल जाईल एवढी ठेवू. आणि सरळ कुठेही नको."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. "अय्यो, मग मी बोलायचं कुणाशी?"

"मागे वळून बोला," वकीलसाहेब म्हणाले, "आणि झुडपात जा."

मी तिथल्या तिथे कामं वाटून दिली. चुन्याचे दगड उपडे करून मातीत दाबले. मधोमध मोठाले धोंडे लोटले. वाट खडकांच्या फटींतून इकडून तिकडे वळवली. पुढचे काही रविवार आम्ही सायकली फारशा चालवल्याच नाहीत, नुसती सब्बल चालवली.

दलाल नवीन गिऱ्हाइकं घेऊन आला तेव्हा आम्ही तिथेच होतो. त्याची गाडी पहिल्याच धोंड्याला अडली. गिऱ्हाईक काच खाली करून म्हणालं, "रोड किधर है?" दलालाने माझ्याकडे बोट केलं. "इनों खा गये!"

गिऱ्हाईक उतरलंच नाही. गाडी मागे घ्यावी लागली.

"कल मशीन लातूं मैं," तो जाता जाता ओरडला.

"लाओ," मी म्हटलं. "हम इतवार कू आतेच हैं."

त्याने खरंच खोदकामाचं मशीन आणलं. टेकडीच्या कुशीत वरपासून खालपर्यंत सरळ चीर पाडली. आम्ही रविवारी तिच्यात दगड भरले. त्याने उपसले, आम्ही पुन्हा भरले. नातेवाईक याला हट्ट म्हणत. असेल. शेवटी वकीलसाहेबांच्या अर्जावर सरकारी माणसं येऊन मोजणी करून गेली आणि बांधापलीकडे त्याचं मशीन परत आलं नाही. बांधाच्या अलीकडे आज सगळ्या इमारती आहेत. टेकडी आहे तशी आहे आणि आमची अरुंद, वाकडी वाट तिच्यावर आहे.

ती चीर मात्र पूर्ण भरलेली नाही. दर पावसाळ्यात पाणी तिच्यातून धावतं आणि वाटेचं एक वळण खाऊन टाकतं. चिरेच्या तोंडाशी मोठा धोंडा बसवला तर पाणी फुटून दोन्हीकडे जाईल. धोंडा हेरून ठेवलाय, जरा वरच आहे. तो खाली आणायचा आहे.