एकट्यापुरती आमटी

आमच्या मुलाला दोनशे माणसांची आमटी करता येते. एकाची येत नाही.

हे मला कळलं तेव्हा तो पुण्याला निघायच्या बेतात होता. बारावीनंतर तिकडच्या एका कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला होता, भाड्याची खोली ठरली होती. खानावळीचं जेवण त्याच्या पोटाला सोसत नाही. शिजवलं नाही तर उपाशी झोपेल, या काळजीनं माझा जीव टांगणीला लागला. म्हणून शिकवणी काढली. शिकवणारी मी, आणि माझ्याबद्दल शेजारीण म्हणते, "तुझ्या हाताला चव हाय गो, पण जीभ लय तिखट."

"आमटी कर," मी फर्मावलं. त्यानं बाह्या सरसावल्या. कापडे गावाच्या वरच्या अंगाला आमची वाडी. तिथं पूजा असो नाहीतर लग्न, गावजेवण पुरुषच रांधतात, आणि मिसरूड फुटलं की पोरगा मोठ्या टोपाशी उभा राहतो. त्यामुळे कांदा, फोडणी, आच, सगळं त्याला येत होतं. मीठ त्यानं मुठीनं घातलं. मी एक घोट घेतला आणि वर तांब्याभर पाणी प्यायले.

"अरे, मिठाची मूठ घालतात काय?"

"टोपाला दहा घालतात, आये. मी एकच घातली."

बोलायला वकील!

दुसऱ्या दिवशी मीठ सुधारलं, पण डाळ एवढी शिजवली की पुढचे दोन दिवस आम्ही तीच खात होतो. नवरा महाडच्या औद्योगिक वसाहतीतून दुसरी पाळी करून आला आणि टोप बघून म्हणाला, "आज कुनाकडं पूजा हाय?" बाप-लेक हसत सुटले. मी मात्र घरातलं सगळ्यात लहान पातेलं मुलापुढं आपटलं.

"यात मावेल तेवढंच. मीठ चिमटीनं. आणि तो डाव खाली ठेव, चमचा घे."

"एवढ्यात काय, मांजराला करायचं?"

रोज ओरडून माझा घसा बसला, पण शेवटी जमलं. एका माणसाची आमटी, एका माणसाचा भात, शीतसुद्धा उरलं नाही. मी इतकी खूश झाले की त्याला ओटा पुसायला लावायचं विसरले.

तो गेला. पुण्यात त्यानं पहिला स्वयंपाक केला त्या संध्याकाळी मी फोन लावला.

"झाली का आमटी?"

"झाली. बरोबर एकट्यापुरती."

"मग आवाज असा का? जेवलास ना?"

"ताट वाढून घेतलं, पण घास उतरंना. एकटा कधी जेवलोच नाय ना गो."

चिमूट शिकवली, माप शिकवलं. हे कसं शिकवायचं?

"मग रे?"

"मग शेजारच्या खोलीतल्या पोरांना हाक मारली. पण इथं घेतलेलं पातेलं केवढंसं! परत डाळ टाकलीय. आये, एसटीनं मोठा टोप पाठव."

पाठवते म्हटलं आणि फोन ठेवला. इकडं शिकवणीतलं ते लहान पातेलं गॅसवर होतं. नवऱ्याची पाळी सुटायला अवकाश होता, म्हणून मी माझ्यापुरता भात लावला होता. गॅस बंद केला आणि मागच्या दारातून शेजारणीला हाक मारली.

"गो, तुझं ताट घेऊन इकडंच ये. मला एकटीला जेवण जात नाय."