मामंजींनी केलेला काळोख

आमच्या मामंजींचं उजेडाशी वाकडं होतं. मामंजी म्हणजे माझे सासरे. घरात वीज आली म्हणून आमची सगळी आळी पेढे वाटत होती, तेव्हा हा माणूस स्टुलावर चढून नव्याकोऱ्या दिव्याला पत्र्याची टोपी घालत होता. "उजेड ताटात पडू दे की, भिंतींना कशाला वाढायचाय?" एवढं म्हणून त्यांनी बाहेरची खोली अर्धी अंधारात ठेवली. मी नवी सून, माहेर पुण्याचं. आमच्याकडे दिवे लागले की घर कसं लखलखायचं! मला वाटलं, बाई गं, कुठल्या चिकट घरात येऊन पडले मी.

चिकट नव्हते हो. सगळा जन्म रेल्वेच्या सिग्नलच्या दिव्यांपाशी गेला होता. मावळतीचं ऊन सिग्नलच्या काचेवर पडलं की विझलेला दिवा पेटल्यासारखा दिसतो आणि ड्रायव्हर फसतो, म्हणून दिव्यावर पुढे आलेली छपरी लावतात. त्या छपऱ्या नीट आहेत की नाहीत हे बघत मामंजी लोणावळ्यापर्यंतचा रूळ तुडवत राहिले. नको तिथून आलेल्या उजेडाला त्यांनी एक नाव ठेवलं होतं, "उपरा". जेवताना माजघराचं दार किलकिलं राहिलं तरी मान वर न करता म्हणायचे, "सूनबाई, उपरा आत येतोय." मी पहिल्यांदा घाबरून दारात कोण उभं आहे ते बघून आले होते.

निवृत्त झाल्यावर त्यांनी दुर्बीण करायला घेतली. ते आमच्या चिंचवडच्या घरामागचं परसू, पलीकडे शेतं आणि लांब पिंपरीच्या बाजूला नव्या कारखान्यांची उठलेली धुराडी. माझे यजमान तिथेच कामाला, शिफ्ट बदलली की घराचं घड्याळ बदलायचं. मामंजींचं मात्र एकच काम चालू. एका पिंपावर जाड काच ठेवायची, तिच्यावर दुसरी काच घासायची आणि घासता घासता पिंपाभोवती फिरायचं. शेजारपाजारचे विचारायचे, "काय राव, तेलाचा घाणा काढला का?" ते हसायचे आणि पुढचा फेरा घ्यायचे. घासून घासून वरच्या काचेचा खोलगट आरसा झाला, त्यावर पुण्याहून चांदीचा मुलामा चढून आला, आणि कासाराने पत्र्याची लांब नळी वळून दिली.

दसरा झाला, आभाळ निवळलं. एका संध्याकाळी तिन्हीसांजा होताहोता त्यांनी मला हाक मारली. नळीला बाजूने भोक होतं, तिथे डोळा लावायचा. मी पदर सावरून वाकले आणि अहो, काय सांगू! त्या भोकात शनी होता. गोळा आणि भोवती कडं, हलत नाही, डुलत नाही, नुसता अधांतरी. आपण ज्या अंगणात भांडी घासतो तिथून हे दिसतं, यावर माझा विश्वासच बसेना. मी बाजूला होऊन वर पाहिलं, तर वर साधा ठिपका. पुन्हा आत पाहिलं, तर पुन्हा ते कडं! "मामंजी, हे खरंच तिथं आहे?" मी विचारलं. ते म्हणाले, "आपण नसलो तरी आहे." त्या दिवसापासून मी त्यांच्या टोप्याबिप्यांबद्दल एक शब्द बोलले नाही.

पण हा सगळा खटाटोप माझ्यासाठी नव्हता. तो होता सासूबाईंसाठी. त्यांना काचबिंदू झाला होता. पुण्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गेलं ते परत यायचं नाही आणि उरलंय तेही जाणार. कडेकडेची नजर आधी गेली होती, आता मधलं तेवढं दिसायचं. आणि सासूबाईंच्या मनाने पक्कं घेतलं होतं की हे शनीचं करणं आहे. साडेसाती सुरू झाली आणि डोळे अधू झाले, झालं! दर शनिवारी मारुतीला तेल, उपास, आणि शनीचं नाव घेताना आवाज एकदम खाली. डोळे जाण्याचं दुःख त्या सोसत होत्या, पण आपल्यावर कुणाचा तरी कोप झालाय या भीतीने रात्र रात्र जाग्या असायच्या. मामंजींना ते बघवत नव्हतं. एकदा माझ्यासमोरच ते त्यांना म्हणाले, "अगं, ज्याला एवढी घाबरतेस त्याला एकदा बघ तरी. मग काय ते ठरव." सासूबाई म्हणाल्या, "त्याच्या नजरेसमोर आपण होऊन जायचं? शहाणेच आहात."

दिवाळीच्या आधी कशाबशा तयार झाल्या. हात जोडून, नळीला नमस्कार करून वाकल्या. बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "नुसतं धुकं आहे हो." मामंजींनी नळी सरकवली, पुन्हा सरकवली. "धुकंच. मला आता सगळं नळीतूनच दिसतं, तुमच्या नळीत आणखी निराळं काय दिसणार?" त्या हसल्या, पण घरात जाताना मला हळूच म्हणाल्या, "बघ, तोंड दाखवत नाही मला. रागावलाय." मामंजींनी ते ऐकलं. त्या रात्री ते जेवले नाहीत.

त्यानंतर त्यांनी जो ध्यास घेतला तो मी तरी दुसऱ्या माणसात पाहिला नाही. त्यांनी मला समजावून सांगितलं होतं. नळीच्या तोंडातून ग्रहाबरोबर बाकीचाही उजेड आत शिरतो, शेजारच्या गोठ्यातल्या कंदिलाचा, चंद्राचा, कारखान्याच्या दिव्यांचा. तो आतल्या पत्र्यावर आपटत आपटत डोळ्यापर्यंत येतो आणि काळ्या आभाळावर सायीसारखा धरतो. धडधाकट डोळा ती साय बाजूला सारून पाहतो. सासूबाईंचा डोळा सारू शकत नव्हता. "तिच्या डोळ्यात दोष आहे हे खरं," ते म्हणाले, "पण उपरा तर माझ्या नळीतला आहे ना? तो मी काढीन."

आधी आतून काळा रंग दिला. तो वाळल्यावर बुटासारखा चकाकायला लागला. मग त्यांनी ठरवलं, काजळी हवी. घरात बाळंतपणाला काजळ धरायचं काम सासूबाईंचं, त्यांना हे बरं जमायचं. एरंडेलाचा दिवा लावायचा, त्यावर ताम्हन पालथं घालायचं. डोळ्यांना धड दिसत नसताना त्या माऊलीने बोटांनी चाचपत वाटीभर काजळ जमवलं. पण काजळ म्हटलं की त्यात साजूक तूप पडायलाच हवं, नाहीतर ते टोचतं! घातलं त्यांनी सढळ हाताने. मामंजींनी ते नळीभर फासलं आणि सकाळी बघतात तर काय, परसातल्या यच्चयावत मुंग्या दुर्बिणीत! आत चकाकी ती वेगळीच. सासूबाईंचा चेहरा एवढासा झाला. मामंजी मात्र पोट धरून हसले. "अगं, तू दुर्बिणीच्या डोळ्यात काजळ घातलंस! लग्नाला निघालीय का ही?" मग आम्ही तिघांनी मिळून नळी पुसली आणि कोरडी काजळी नि लाकडाचा भुसा खळीत कालवून पुन्हा लिंपली. बरीच सुधारणा झाली, पण डोळा लावायच्या भोकाच्या बरोबर समोरचा भाग अजून करडाच दिसायचा. तोवर शनी सूर्याच्या उजेडात बुडाला आणि इकडे सासूबाईंची नजर रोज थोडी थोडी आक्रसत होती. मामंजी अंगणात येरझारा घालायचे.

माझी पहिली संक्रांत आली. काळी चंद्रकळा, हलव्याचे दागिने, आणि आईने मुद्दाम शिवून दिलेलं काळ्या मखमलीचं पोलकं. मी दिव्याखाली उभी राहून बायकांना तिळगूळ देत होते आणि ओसरीवरून मामंजी माझ्या बाहीकडे एकटक बघत होते. ज्यांनी कधी माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाही ते! मला मेलीला वाटलं, काहीतरी फाटलंय किंवा सांडलंय. संध्याकाळभर मी अवघडून वावरले, मनातून चिडलेही. दुसऱ्या दिवशी ते गप्प. तिसऱ्या दिवशीही गप्प. सुनेकडे पोलकं मागायचं कसं, या विचाराने तो माणूस झुरत होता, हे मला काय माहीत! शेवटी सासूबाई हसू दाबत आल्या. "सूनबाई, तुझ्या मखमलीवर काही केल्या दिवा चमकत नाही म्हणे. चंद्रकळा चमकते, केस चमकतात, पण बाही नाही. ह्यांना ती हवी आहे. तोंडाने सांगवत नाही त्यांना."

खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. आईने दिलेलं होतं ते. पण मी आत गेले आणि स्वतःच्या हाताने शिवण उसवली. मामंजींनी ती मखमल दोन्ही हातांत घेतली, देवाचं निर्माल्य घेतात तशी. नळीत त्या भागावर ती चिकटवली आणि मला आत बघायला सांगितलं. मी पाहिलं तर तिथे भिंतच नव्हती! जणू नळीला तिथे विहीर पाडली होती. "आता उपऱ्याला राहायला जागा नाही," ते म्हणाले.

शिवरात्रीनंतर शनी पहाटेचा वर यायला लागला. सासूबाई आंघोळ करून आल्या. मामंजींनी आधीच शेजाऱ्यांना कंदील आत न्यायला सांगितलं होतं. शेजारी म्हणाला, "व्हय, व्हय, वहिनींना बघू द्या," आणि गोठ्याचं दारसुद्धा लोटून घेतलं. मामंजींनी बायकोच्या डोक्यावरून घोंगडी पांघरली आणि बाहेरून नळी केसाकेसाने हलवू लागले. सासूबाईंच्या डोळ्यात जेवढी जागा उरली होती तिथे त्यांना शनी आणून ठेवायचा होता. आणि मग घोंगडीतून आवाज आला, "अगं बाई!"

मी घोंगडीजवळ सरकले.

"अहो, एवढासा आहे हा! आणि कडं घातलंय. बारशाला बाळाच्या हातात घालतात तसं."

मामंजींनी एकच विचारलं, "कडं आणि गोळा यांच्यामध्ये काळं दिसतं?"

"दिसतं. काळंकुट्ट आहे."

मामंजी धुण्याच्या दगडावर मटकन बसले आणि त्यांनी उपरण्यात तोंड लपवलं. उजेड वाढेपर्यंत सासूबाई काही घोंगडीतून बाहेर आल्या नाहीत. त्यानंतर शनिवारचा उपास त्यांनी सोडला नाही, तेलही चुकवलं नाही, पण त्या रात्रभर झोपायला लागल्या.

डोळे गेलेच. पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्यांना दिव्याची ज्योतही कळेनाशी झाली. आणि त्यानंतर वर्ष झालं नसेल, मामंजी दुपारी वामकुक्षीला म्हणून आडवे झाले ते उठलेच नाहीत. भेटायला बायका येत होत्या. त्यांतली एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "शनी फिरला हो या घरावर. आधी डोळे नेले, आता कुंकू नेलं." माझं माथं भडकलं, मी काहीतरी ताडकन बोलणार होते. पण सासूबाईंनी चाचपत माझा हात धरला आणि त्या बाईच्या आवाजाच्या दिशेला तोंड वळवलं.

"त्याला बोल लावू नका," त्या म्हणाल्या. "ह्यांनी दाखवलाय मला तो. एवढासा आहे, लेकरासारखा. भोवती सगळा काळोख आणि मधे एकटाच बसलाय. तो कुणाचं काय नेणार?"